घरात राहिला की घर मिळाले?

मराठी नोकरदार महिनाभर ज्याची वाट पाहतो तो ‘पगार’ मुळात ‘देणे चुकते करणे’ या अर्थाचे पोर्तुगीज क्रियापद आहे, हे आता पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच भाषेत सदैव तोंडी असणारे ‘फिकार’ हे क्रियापद मात्र आपल्या वाट्याला आले नाही. (आपल्या ‘फिकीर’शी त्याचे काही नाते नाही, तो शब्द अरबीतला.) ‘घट्ट बसविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ते निघाले. शब्दकोशात त्यापुढे ‘स्टे’, ‘रिमेन’ असे इंग्रजी प्रतिशब्द दिसतात. विद्यार्थी ते वहीत उतरवून निश्चिंत होतो आणि त्याची फसगत येथूनच सुरू होते.

कारण पणजी मांडवीच्या काठी ‘फिका’ म्हटले तर इंग्रजीत नुसते ‘इज’ पुरते. माणूस आजारी ‘फिका’ तेव्हा इंग्रजी ‘फॉल्स’ म्हणते, बहिरा झाला तर ‘गोज’, श्रीमंत झाला तर ‘बिकम्स’. टोपी डोक्याला शोभली तर ‘सूट्स’. दुकानात ‘हेच घेतो’ म्हणताना ‘टेक’, आणि सुटे पैसे तुम्हीच ठेवा म्हणताना ‘कीप’. दोन्हीकडे पोर्तुगीज माणूस ‘फिकार कों’च वापरतो. ब्राझीलमधील तरुण मंडळींनी तर चार घटकांच्या प्रणयालाही हेच क्रियापद लावले आहे. त्याचे भाषांतर आम्ही वाचकांच्या कल्पनेवर सोपवितो.

हा सारा गोंधळ वरवरचा आहे. काही बदल घडला आणि तो घडून स्थिरावला, या दोन्ही गोष्टी हे क्रियापद एका दमात सांगते. इंग्रजीला त्यांतील एक निवडावी लागते. मराठी वाचकाला येथे एक सोय आहे, ती म्हणजे आपले ‘राहणे’. आपण उभे राहतो, काम करायचे राहते, स्त्रीला दिवस राहतात आणि भिडेखातर कोणाला जामीन राहतो, या चारही ठिकाणी पोर्तुगीजमध्ये ‘फिकार’ चालते. इंग्रजी यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या ठिकाणी ‘स्टँड’ वापरते, मधल्या दोहोंसाठी वेगळी वाट धरते.

ब्राझीलच्या इतिहासात तर या क्रियापदाच्या एका रूपाने एक दिवसच व्यापला आहे. लिस्बनच्या संसदेने राजपुत्र पेद्रू यास मायदेशी परत बोलाविले, तेव्हा ९ जानेवारी १८२२ रोजी रिओ दी जानेरो येथे त्याने ‘फिकु’, म्हणजे ‘मी राहतो’, असे जाहीर केले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला ब्राझील स्वतंत्र झाला. इंग्रजीत ‘आय अ‍ॅम स्टेइंग’ म्हटले तर एखाद्या पाहुण्याने मुक्काम वाढविल्यासारखे वाटते. ‘आय शॅल रिमेन’मध्ये निर्धार येतो, पण त्या एका शब्दातला ठसका जातो.

तथापि इतिहासापेक्षा गोमंतकातील जुन्या कागदांत हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होतो. तेथील पोर्तुगीज सत्ता १९६१ साली संपली, पण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे काही भाग आजही लागू आहेत. तिचे इंग्रजी भाषांतर राज्य सरकारने २०१८ साली प्रसिद्ध केले. कायद्याचे भाषांतर झाले, म्हणून घरोघरच्या पेटाऱ्यांतील मृत्युपत्रे नि वाटणीपत्रे इंग्रजीत आली असे नव्हे. समजा, एखाद्या वाटणीपत्रात थोरला भाऊ ‘फिकोउ ना काझा’ असे आहे. तर तो घरात राहिला. ‘फिकोउ कों आ काझा’ असेल, तर घर त्याच्या वाट्याला आले. पहिल्या वाक्यात वास्तव्य आहे, दुसऱ्यात मालकी. फरक एका इवल्याशा अव्ययाचा. दोन्हीकडे ‘रिमेन्ड’ लिहून मोकळा होणारा भाषांतरकार धाकट्या भावाच्या नातवंडांना कोर्टाची पायरी चढावयास लावू शकतो.

अशा कागदाचे इंग्रजी करताना वादग्रस्त वाक्य मूळ पोर्तुगीजमध्ये शेजारी ठेवावे, आणि त्याखाली ते कोणत्या अव्ययासह आले आहे तेही नोंदवावे, एवढी साधी शिस्त कार्यालयांना पाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी एखादी ओळ अधिक टंकावी लागेल, इतकेच.