हार्ड डिस्कचे बिऱ्हाड

दिल्ली हे बदल्यांचे शहर आहे. नोकरीनिमित्त येथे आलेली मराठी कुटुंबे आज सरकारी वसाहतीत, तर उद्या नोएडा किंवा गुरुग्राम येथील एखाद्या उंच इमारतीत राहावयास जातात. काय न्यावे, काय टाकावे आणि कशाला हात लावण्यापूर्वी चार वेळा विचार करावा, हे त्यांना सवयीने ठाऊक झालेले असते. घरातला जुना संगणक बंद पडतो तेव्हा मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो. वस्तुतः यंत्र निकामी झाले तरी त्याच्या पोटातील हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. मुलांच्या बारशापासूनची छायाचित्रे, घरभाड्याचे करार, आजोबांनी टंकलिखित करून ठेवलेल्या आठवणी, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचा मजकूर, हा सारा ठेवा त्या डिस्कवरच असतो. ती काढून दुसऱ्या संगणकात बसविणे हे काही मिनिटांचे काम आहे. परंतु त्यामागील तत्त्व न जाणता ते केले, तर वर्षानुवर्षांचा संचय क्षणात नाहीसा होऊ शकतो.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्यांची बंद पेटी. घरगुती संगणकातील तबकड्या मिनिटाला साधारणपणे 5400 किंवा 7200 फेरे घेतात, आणि त्यांच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावरून लेखन-वाचन करणारे टोक तरंगत असते. आयबीएम कंपनीने 1956 साली या जातीचे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, त्याचे वजन सुमारे एक टन होते, आणि त्यात 50 लक्ष अक्षरे मावत. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये अक्षरांच्या हिशेबाने त्याच्या सुमारे दोन लाख पट मजकूर बसतो. वस्तू इतकी लहान आणि ठेवा इतका मोठा, म्हणूनच ती हाताळताना धक्का लागू न देणे हा पहिला नियम होय.

प्रत्यक्ष जोडणीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. जुन्या डिस्कना चाळीस छिद्रांची रुंद, चपटी पट्टी जोडली जाई. या पद्धतीला आयडीई म्हणत. 2003 च्या सुमारास साटा ही अरुंद जोडणी आली आणि तीच पुढे रूढ झाली. नव्या संगणकात जुनी पट्टी लावावयास जागा नसल्यास यूएसबीवर चालणारे लहानसे जोडयंत्र पुरते. दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेसच्या दुकानांत अशा वस्तू सहज मिळतात. साडेतीन इंची डिस्कला मात्र वेगळा वीजपुरवठा लागतो, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. पेटी उघडण्यापूर्वी विजेची वायर काढावी आणि संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला हात लावावा. दिल्लीच्या कोरड्या हवेत, विशेषतः लोकरी स्वेटर घातलेला असताना, अंगावर साचलेली स्थिर वीज नाजूक भागांना इजा करू शकते.

डिस्क जोडली गेली की पुष्कळांची अपेक्षा असते की जुना संगणक जसाच्या तसा नव्या यंत्रात अवतरेल. येथेच बहुतेकांची निराशा होते. डिस्कवर दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, घरच्यांनी निर्माण केलेला मजकूर. दुसरी, यंत्र चालविणारी कार्यप्रणाली. ही प्रणाली जुन्या यंत्राच्या सुट्या भागांशी जुळवून घेऊन बसविलेली असते. नवे भाग तिच्या ओळखीचे नसल्यास ती सुरू होता होता अडखळते. यात डिस्क बिघडलेली नसते. नव्या संगणकाला स्वतःच्या प्रणालीवर चालू द्यावे आणि जुनी डिस्क दुय्यम म्हणून जोडावी, म्हणजे तिच्यावरील मजकूर साध्या कपाटाप्रमाणे उघडता येतो. अशा वेळी पडद्यावर डिस्क ‘फॉरमॅट’ करण्याची सूचना आली, तर ती कदापि मान्य करू नये. तिचा अर्थ कपाट रिकामे करून नव्याने मांडणे असा आहे.

काही अलीकडच्या संगणकांत या कपाटाला कुलूपही असते. विंडोजमधील बिटलॉकर ही व्यवस्था डिस्कवरील मजकूर सांकेतिक रूपात ठेवते, आणि तिची किल्ली सामान्यतः मूळ यंत्रातील एका चकतीच्या ताब्यात असते. डिस्क दुसरीकडे नेली की 48 अंकी संख्या मागितली जाते. ती पुष्कळदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. जुने यंत्र चालू असतानाच ती उतरवून ठेवणे शहाणपणाचे.

मराठी घरांना आणखी एक अडचण भेडसावते. जुना मजकूर उघडतो, पण पडद्यावर रोमी अक्षरांची निरर्थक रांग उमटते. याचे कारण असे की, पूर्वीच्या अनेक मराठी टंकांत रोमी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेल्या असत, आणि प्रत्येक टंकाची मांडणी निराळी असे. युनिकोडने 1991 साली देवनागरीला स्वतःचे स्थान दिले. तथापि घराघरांतून त्याचा वापर रूढ होण्यास बरीच वर्षे लागली. तेव्हा आजोबांच्या आठवणी नष्ट झाल्या, असे समजण्याचे कारण नाही. ज्या टंकात त्या लिहिल्या, तो टंक बहुधा त्याच डिस्कवर, विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या कप्प्यात असतो. तो बरोबर नेला की अक्षरे पुन्हा वाचता येतात, आणि पुढे ती युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतात.

या सर्वांआधी करावयाचे कार्य एकच, आणि ते म्हणजे नक्कल. डिस्क वाचता येऊ लागताच तिच्यावरील अमोल मजकूर दुसऱ्या ठिकाणी उतरवावा. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास ती पुनःपुन्हा चालू करून पाहू नये, आणि पेटी तर कधीच उघडू नये. धुळीचा एक कण तबकडीवर ओरखडा पाडण्यास पुरेसा असतो. असे काम जाणकाराकडेच सोपवावे.

नक्कल झाली की जुनी डिस्क दारावर आलेल्या कबाडीवाल्याच्या हाती तशीच देऊ नये. संगणकावर मजकूर पुसणे म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद खोडणे. पाने जागच्या जागीच राहतात आणि योग्य साधनांनी वाचता येतात. म्हणून फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सर्वत्र नवा मजकूर लिहून जुना झाकावा, किंवा ती फोडून निकामी करावी. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर भागात असे इलेक्ट्रॉनिक भंगार मोठ्या प्रमाणावर हातांनी सुटे केले जाते, आणि त्यातील शिसे व आम्ले यांचा त्रास तेथील कामगारांना भोगावा लागतो. 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनश्चक्रण केंद्राकडे जावयास हवा. घरच्या आठवणी सुखरूप नव्या ठिकाणी पोहोचल्यावर त्यांचे जुने पात्र योग्य हाती सोपविणे, हाही त्या स्थलांतराचाच भाग आहे.