डासाच्या मागावर डासच

अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर २०२१ साली काही ठिकाणी छोटे खोके ठेवले गेले. आत डासांची अंडी. वरून फक्त पाणी ओतायचं. म्हणजे डेंगी पसरवणारे एडिस इजिप्ती डास मुद्दाम वाढवायचे? हो! पण खोक्यांतून उडाले ते सगळे नर. नर चावत नाही, तो फुलांच्या रसावर जगतो. रक्त लागतं मादीला, अंड्यांसाठी.

मग माद्या कुठे गेल्या? त्या अळी असतानाच मेल्या. ऑक्सिटेक या मूळच्या ब्रिटिश कंपनीने या डासांत एक जादा जनुक घातलं आहे. त्यापासून बनणारं प्रथिन स्वतःच्याच निर्मितीला चालना देतं. पेशी बाकीची कामं सोडून तेच बनवत बसते आणि अळीची वाढ खुंटते.

पण हे जनुक नरातही असतं. तो कसा वाचतो? खरी कमाल इथे आहे. कीटकांच्या पेशी काही जनुकांचा संदेश नरात एका तऱ्हेने कापून जोडतात, मादीत दुसऱ्या. एकाच रिळातून संकलकाने दोन सिनेमे काढावेत, तसं! वैज्ञानिकांनी निसर्गाचीच ही कात्री वापरली. नरात संदेश असा जुळतो की घातक प्रथिन तयारच होत नाही.

माद्याच नसतील तर पुढची अंडी कोण घालणार? त्यासाठी प्रयोगशाळेत अळ्यांच्या पाण्यात टेट्रासायक्लिन हे जुनं प्रतिजैविक घालतात. ते त्या प्रथिनाला चिकटतं, प्रथिन निकामी होतं आणि माद्या जगतात.

मोकळा सुटलेला नर मादीच्या पंखांची गुणगुण आपल्या केसाळ मिशांनी ऐकतो आणि तिला गाठतो. कुठल्याही आडोशाला, जिथे धूरफवारणी पोहोचत नाही तिथेसुद्धा! ब्राझीलच्या इंदायातुबा शहरातल्या चाचणीत एडिस डास ९६ टक्क्यांपर्यंत घटले. ऑक्सिटेकच्याच डासांच्या आधीच्या वाणाच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या २०१७ साली आपल्या जालन्याजवळ, दावलवाडीत सुरू झाल्या होत्या.

या नराच्या मुली मरतात, मुलगे जगतात. मुलग्यांकडे त्या जनुकाची एकच प्रत असते, म्हणून ते त्यांच्या निम्म्याच संततीत उतरतं आणि पिढीगणिक विरळ होत जातं. परिणाम टिकवायचा तर पुन्हा पुन्हा खोके ठेवावे लागतात. खर्चाच्या दृष्टीने ही उणीव असेल, पण मला तोच मोठा दिलासा वाटतो: थांबायचं ठरवलं, तर नवे खोके ठेवायचे नाहीत, इतकंच.