इस्ट्रोजेन पुरुषालाही लागतं

खामगाव, चिखली, मलकापूर, कुठल्याही जिममध्ये जरा वेळ थांबा. ‘श्री’ची शरीरसौष्ठव स्पर्धा जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : “इस्ट्रोजेन बायकांचं हार्मोन आहे. ते झीरो केलं की बॉडी ड्राय होते, कट निघतात.” सांगणारा कुणीतरी सीनियर, ऐकणारा विशीतला पोरगा आणि हातात लेट्रोझोल नाहीतर टॅमोक्सिफेनची स्ट्रिप. दोन्ही गोळ्या मूळच्या स्तनाच्या कर्करोगावरच्या. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो, कारण त्यातला एकही तुकडा धड नाही.

पुरुषाचं शरीर इस्ट्रोजेन स्वतःच तयार करतं. टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग अरोमाटेज नावाचं एन्झाइम इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि पुरुषाच्या हाडांची मजबुती त्यावर अवलंबून असते. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २८ वर्षांच्या माणसाची नोंद छापून आली. जन्मजात दोषामुळे त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, तरी उंची २०४ सेंटीमीटर होऊनही वाढ थांबलेली नव्हती आणि हाडं ठिसूळ झाली होती.

तो एक विरळा रुग्ण झाला, असं कुणी म्हणेल. मग त्याच नियतकालिकातला २०१३ चा अभ्यास बघा. २० ते ५० वयाचे ४०० निरोगी पुरुष घेतले. औषधाने त्यांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद केलं आणि वेगवेगळ्या मात्रेत ते बाहेरून दिलं. साधारण निम्म्यांना सोबत अनास्ट्रोझोल दिलं, म्हणजे लेट्रोझोलच्याच गटातलं औषध. स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनच्या मात्रेप्रमाणे कमी-जास्त झाली. पण इस्ट्रोजेन दाबलं गेलं तिथे चरबी वाढली आणि कामेच्छाही घटली. कट निघावेत म्हणून घेतलेली गोळी चरबी वाढवते, हे त्या सीनियरला कुणीतरी सांगायला हवं. आरशात चार दिवस जे ‘ड्राय’ दिसतं, ते उतरलेलं पाणी असतं. पुढे बेंचवरून उठताना गुडघे धरतात, सकाळी मूठ वळत नाही, आणि पोरगं म्हणतं, वजन जास्त मारलं वाटतं.

टॅमोक्सिफेनचं काम वेगळं. ते इस्ट्रोजेन कमी करत नाही. स्तनाच्या पेशींत त्याची जागा अडवून बसतं. यकृतात मात्र ते इस्ट्रोजेनसारखंच वागतं, त्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. स्टेरॉइड घेणाऱ्याचं रक्त आधीच घट्ट झालेलं असतं, त्यात ही भर. शिवाय टॅमोक्सिफेनने रक्तातलं आयजीएफ-१ उतरतं, हे कर्करुग्णांच्या तपासण्यांतून तीसेक वर्षांपूर्वीच दिसलं आहे. हा वाढीचा घटक जास्त मिळावा म्हणून जिमवाले महागडी इंजेक्शनं शोधत फिरतात, आणि इकडे गोळीने तोच कमी करतात.

“दोन्ही एकत्र घेतल्या की डबल सेफ्टी” हेही खोटं : टॅमोक्सिफेनमुळे रक्तातलं लेट्रोझोल तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटतं.

“गायनो गोळीने कधीही विरघळतो.” गायनो म्हणजे स्तनाग्राखालची दुखरी गाठ; ती नवी असेल तर औषधाचा उपयोग होऊ शकतो, वर्षभर मुरली की ती तंतुमय होते, मग शस्त्रक्रियाच.

“पोलीस भरतीला उंची कमी पडते, लेट्रोने वाढेल.” हाडांची वाढीची टोकं एकदा जुळली की कुठलीच गोळी १६५ सेंटीमीटर गाठून देत नाही.

“क्लोमिफेनच्या गोळीने महिन्यात सगळं पूर्ववत.” स्टेरॉइडच्या सायकलनंतर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू परत यायला कित्येक महिने, काहींना वर्षाच्या वर लागतं. क्लोमिफेन घेताना डोळ्यांसमोर चमक किंवा धूसरपणा आला, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

“ही तर औषधं, डोपिंग थोडीच.” ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ती स्पर्धेच्या आत-बाहेर, बाराही महिने बंदी असलेली आहेत.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर ती गुठळी असू शकते; लगेच बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय नाहीतर खामगावचं सामान्य रुग्णालय गाठा, जे जवळ असेल ते. कोणतं इंजेक्शन, कोणती गोळी, किती दिवस घेतली, सगळं सांगा. लाजेपायी लपवलं, तर विशीतल्या धडधाकट पोराला गुठळी झाली असेल, अशी शंका डॉक्टरांना यायला उशीर होतो.