खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ या स्थानकांच्या मध्ये शेलू हे गाव आहे. गेल्या काही वर्षांत येथे भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. तरीही गावठाणात आणि आसपासच्या वाड्यापाड्यांत पडवीच्या कडेला कोंबड्यांचे खुराडे आणि उपडे घातलेले बांबूचे डालगे आजही दिसते. अशा घरची एखादी कोंबडी अंडी देणे थांबवते, पिसे फुलवून एका जागी बसून राहते, हात जवळ नेला की घशातून खरखर आवाज काढते आणि चोच मारते. घरातल्या म्हाताऱ्या बाईला तेवढी खूण पुरते. कोंबडी खुडूक झाली, आता तिला रवणीवर बसवायला हवे!

खुडूक होणे हा आजार नव्हे. अंड्यांचा एक डाव पूर्ण होत आला की कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, अंडाशयाचे काम थांबते आणि ऊब देण्याची वृत्ती जागी होते. छातीवरची पिसे झडून तेथील उघडी, उष्ण त्वचा थेट अंड्यांना टेकते. अंडी उबवण्याच्या यंत्रात सुमारे साडेसदतीस अंश तापमान राखावे लागते, ओलावा सांभाळावा लागतो, दिवसातून अनेक वेळा अंडी फिरवावी लागतात. ही सारी कामे कोंबडी विजेवाचून करते. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात ही गोष्ट लहान नाही.

व्यापारी कुक्कुटपालनाने मात्र हीच वृत्ती दोष ठरवली. बसून राहणारी कोंबडी अंडी देत नाही. त्यामुळे व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून निवडीच्या जोरावर खुडूकपणा जवळजवळ काढून टाकण्यात आला. परसासाठी तयार केलेल्या गिरिराज, वनराज या सुधारित कोंबड्याही सहसा रवणीवर बसत नाहीत. त्या अधिक अंडी देतात हे खरे. पण पुढची पिढी हवी तर पुन्हा केंद्राकडे जाऊन पिल्ले विकत आणावी लागतात. गावरान कोंबडी वर्षाला जेमतेम ५० ते ६० अंडी देते. बारा-पंधरा अंडी, मग २१ दिवसांची रवण, मग दोन महिने पिल्लांचा सांभाळ, असे तिचे चक्र असल्याने वर्षात तीन-चार डावच होतात. ज्या घरी पिल्लांसाठी रोख पैसा काढणे जड जाते, तेथे हा सौदा तोट्याचा मानता येणार नाही.

रवणीचे यश बसवण्याआधीच बरेचसे ठरते. अंडी शक्यतो आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, तडा न गेलेली असावीत आणि कळपात कोंबडा असावा. अंडी धुऊ नयेत, कारण कवचावरचा नैसर्गिक थर त्याने निघून जातो. एका गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. हावरेपणाने वीस ठेवली तर कडेची गार पडतात, आणि अदलाबदलीत एकेक करून सगळ्यांनाच थंडी लागते. टोपलीत तळाशी राख, वर पेंढा, आणि जागा अंधारी व निवांत असावी. कोंबडी रात्री बसवली तर ती सहसा जागा सोडत नाही. अंड्यांवर कोळशाने खूण करून ठेवावी. दुसऱ्या कोंबडीने त्यात अंडे घातलेच तर ते ओळखून काढता येते.

टोपलीत लोखंडाचा तुकडा, कोळसा किंवा लाल मिरची ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. विजेच्या कडकडाटाने अंडी बाद होऊ नयेत, हा त्यामागचा समज. गडगडाटाने गर्भ मरत नाही. पावसाळ्यात अंडी बिघडतात ती ओल, बुरशी आणि कोंबडीचे वारंवार उठणे यांमुळे. लोखंड ठेवण्याने अपाय काही नाही, पण पेंढा कोरडा ठेवण्याचा उपयोग त्याहून जास्त!

सातव्या रात्री विजेरीच्या उजेडात अंडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा दिसल्या तर गर्भ वाढतो आहे; आरपार स्वच्छ दिसणारे अंडे काढून टाकावे. कोंबडी दिवसातून एकदा थोडा वेळ उठते. त्या वेळी दाणा-पाणी आणि अंग घोळायला कोरडी राख जवळच असावी, कारण रवणीवर उवांचा उपद्रव फार होतो. शेवटच्या तीन दिवसांत मात्र तिला हलवू नये. कवच फोडून पिल्लाला ‘मदत’ करण्याचा मोहही टाळावा.

पिल्लू बाहेर आले की पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस तग धरते. त्यामुळे पहिल्या दिवशी दाणा खाल्ला नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पुढे तांदळाची बारीक कणी, वाळवी आणि पसरट भांड्यात पाणी द्यावे. खोल भांड्यात पिल्ले बुडून मरतात. आई उकिरडा उकरून किडे दाखवते आणि घार दिसताच एका आवाजात सगळ्यांना पंखाखाली घेते. मुंगूस आणि रानमांजर यांच्यापुढे मात्र तिचे चालत नाही. रात्री डालगे आणि त्यावर दगड, याला पर्याय नाही.

खरा घात होतो तो मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने. हा रोग आला की एका आठवड्यात खुराडे रिकामे होऊ शकते, आणि त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, एवढाच उपाय. अडचण अशी, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती बर्फावर आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार? वाडीतील पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर एक कुपी सर्वांना पुरते. पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधी बोलून दिवस ठरवणे मग सोपे जाते. हे जमले नाही तर वरची सारी मेहनत पाण्यात जाते.

हंगाम म्हणाल तर भातकापणीनंतरचा सर्वांत बरा. खळ्यावर सांडलेले दाणे असतात, जमीन कोरडी असते. पावसाळ्यातील पिल्लांना रक्ती हगवण गाठते, तर एप्रिल-मेच्या उष्म्यात साठवलेली अंडीच बिघडतात. भर पावसात कोंबडी खुडूक झालीच, तर नाकात पीस खुपसणे किंवा पाण्यात बुडवणे हे जुने उपाय क्रूर आहेत. खालून वारा लागेल अशा पिंजऱ्यात दाणा-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवले, की ती सहसा आपोआप ठिकाणावर येते.

सहा ते आठ आठवड्यांनी एके दिवशी आईच पिल्लांना चोच मारून दूर करू लागते. तिच्या तुऱ्यावर पुन्हा लाली चढते, आणि काही दिवसांतच पडवीच्या कोपऱ्यात नव्या डावाचे पहिले अंडे सापडते.