दोन देश, दोन मात्रा, एक प्रमाणपत्र

मुंबईहून निघालेले विमान सुमारे तीन तासांत अरबी समुद्र ओलांडून दुबईस उतरते. कोकणातील एखाद्या गावाहून मुंबई गाठावयास याहून अधिक वेळ लागतो. परंतु २०२१ च्या उन्हाळ्यात हाच तीन तासांचा प्रवास आपल्या अनेक बांधवांसाठी साडेचार महिन्यांचा झाला. विमाने सज्ज होती, पलीकडे नोकरी वाट पाहत होती, दंडावर लसही टोचून झाली होती. अडले होते ते एवढ्यावरच, की एका देशाने दिलेला लशीचा दाखला दुसऱ्या देशाने मानावयाचा की नाही.

त्या काळात सुमारे ३५ लाख भारतीय संयुक्त अरब अमिरातीत वास्तव्यास होते. त्यांच्या पाठवणीवर इकडे घरे उभी राहतात, मुले शिकतात, वृद्धांची औषधे येतात. महासाथीने या दुहेरी जीवनाची कसोटी पाहिली. ते दिवस आता सरले असले, तरी त्यांनी शिकवलेला धडा परदेशस्थ भारतीयांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी विसरू नये, यासाठी हा लेखप्रपंच.

आधी विमाने थांबली

१९ मार्च २०२० रोजी अमिरातीने, निवासी परवाना असूनही देशाबाहेर असलेल्यांचा प्रवेश तात्पुरता स्थगित केला. त्यानंतर काही दिवसांतच भारताने नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा बंद केली. ती पूर्ववत सुरू व्हावयास २७ मार्च २०२२ उजाडले. चार दिवसांच्या रजेवर आलेला माणूस इकडे अडकला आणि नोकरी गमावलेला माणूस तिकडे.

७ मे २०२० रोजी 'वंदे भारत' मोहिमेची पहिली दोन विमाने अमिरातीतूनच निघाली, एक अबुधाबीहून कोचीस व दुसरे दुबईहून कोझिकोडेस. बरोबर तीन महिन्यांनी, ७ ऑगस्ट रोजी, याच मोहिमेतील दुबईहून आलेले विमान कोझिकोडेच्या धावपट्टीवरून घसरले. त्या अपघातात २१ जणांनी प्राण गमावले. विमानाचे सारथ्य करणारे कॅप्टन दीपक साठे हे त्यांपैकी एक होत. घरी परतण्याची किंमत काहींनी अशी मोजली, हे स्मरणात ठेवले पाहिजे.

जुलै २०२० पासून उभय देशांतील समझोत्याने मर्यादित विमाने सुरू झाली. तथापि परतणाऱ्यास प्रथम तेथील अधिकाऱ्यांची पूर्वसंमती घ्यावी लागे. दुबईचा परवाना असणाऱ्यांसाठी एक कार्यालय, उर्वरित अमिरातींसाठी दुसरे. तिकीट हाती असूनही संमती नसल्याने विमानतळावरून परतावे लागलेले प्रवासी तेव्हा थोडे नव्हते.

मग लस आली

१६ जानेवारी २०२१ रोजी भारतात लसीकरण सुरू झाले. आपल्याकडे कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन, तर अमिरातीत प्रामुख्याने सायनोफार्म आणि फायझर अशा लशी दिल्या जात होत्या. लस आली म्हणजे मार्ग मोकळा झाला, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात येथूनच नव्या गुंतागुंतीस प्रारंभ झाला.

पहिली मात्रा तिकडे घेऊन रजेवर आलेल्या माणसास दुसरी मात्रा इकडे मिळेना, कारण सायनोफार्म भारतात उपलब्ध नव्हती. उलटपक्षी, इकडे पहिली मात्रा घेतलेल्यासमोर कालावधीचा प्रश्न उभा राहिला. १३ मे २०२१ रोजी कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. वैद्यकीयदृष्ट्या त्यामागे कारणे होती; पण ज्याचा निवासी परवाना महिन्या-दोन महिन्यांत संपावयाचा, त्याने १२ आठवडे थांबावे कसे? अखेर ७ जून २०२१ रोजी केंद्र शासनाने शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिंपिकच्या चमूला २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची विशेष मुभा दिली. या प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक नोंदवावा, असेही त्याच आदेशात नमूद होते.

हा शेवटचा तपशील वरकरणी किरकोळ वाटेल, परंतु मेख तेथेच होती. बहुतेकांनी लसीकरणाची नोंदणी आधार कार्डावर केलेली होती. परदेशातील अधिकाऱ्यास मात्र प्रवाशाची ओळख पटते ती पारपत्रावरून. त्यात आपल्या मराठी नावांची रीत निराळी. आधार कार्डावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचे नाव कधी आहे, कधी नाही. विवाहित भगिनींच्या बाबतीत माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. शिवाय कोविनच्या प्रमाणपत्रावर आरंभी केवळ वय वा जन्मवर्ष असे. पूर्ण जन्मतारखेची सोय परदेश प्रवासासाठी सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस झाली. व्यक्ती तीच, लसही तीच. परंतु दोन कागद एकमेकांस ओळख दाखवीनात.

एका ग्राहकाचे साडेपाच महिने

आमच्या शाखेचे एक ग्राहक अबुधाबीत वातानुकूलन यंत्रांच्या देखभालीचे काम करतात. वय ४७. वडिलांच्या अंत्यविधीसाठी ते २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या आठवड्यात, गावी आले. चौदा दिवसांची रजा होती. ती संपण्यापूर्वीच, २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून, अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना प्रवेशबंदी केली. सुरुवातीस दहा दिवसांची म्हणून जाहीर झालेली ही बंदी लांबतच गेली.

लस परत गेल्यावर घेऊ, असा त्यांचा बेत होता. तो फसल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी येथेच कोविशील्डची पहिली मात्रा घेतली. जूनच्या आदेशाचा लाभ घेऊन, नोकरीचे पत्र दाखवून, त्याच महिन्यात दुसरीही घेतली. प्रमाणपत्रात पारपत्राचा क्रमांक जोडला, नावातील तफावत दुरुस्त करून घेतली. आता अडचण उरली नाही, असे त्यांना वाटले.

५ ऑगस्ट रोजी अमिरातीने निवासी परवानाधारकांना दार उघडले. पण त्यातून प्रामुख्याने ज्यांनी दोन्ही मात्रा अमिरातीतच घेतल्या होत्या, त्यांनाच आत घेतले. आरोग्यसेवक, शिक्षक, विद्यार्थी अशा काही वर्गांना तेवढी सूट होती. भारतात घेतलेली लस तेव्हा मोजली गेली नाही. वास्तविक कोविशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता १५ फेब्रुवारी २०२१ रोजीच मिळालेली होती.

दरम्यान घड्याळ थांबले नव्हते. अमिरातीच्या सर्वसाधारण नियमानुसार सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास निवासी परवाना रद्द ठरतो. महासाथीत या नियमात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या, पण त्या आपल्याला लागू होतीलच, याची शाश्वती कोण देणार? आमच्या ग्राहकांचे सहा महिने ऑक्टोबरच्या मध्यास भरत होते. मेअखेर त्यांचा पगार थांबला होता. गृहकर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस अनिवासी खात्यातून जातच होता. खात्यातील शिल्लक संपत आली, तेव्हा ते जुनी मुदत ठेव मोडण्यासाठी शाखेत आले. ठेव न मोडता तिच्या तारणावर कर्ज घेण्याचा पर्याय त्यांना सुचविण्यात आला आणि हप्ता चुकला नाही. "साहेब, तिकडे मी कामाचा माणूस आहे, इकडे नुसता पाहुणा झालोय," असे ते त्या दिवशी म्हणाले.

१२ सप्टेंबर २०२१ पासून अमिरातीने जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या लशी घेतलेल्या परवानाधारकांना, मग लस कोणत्याही देशात घेतलेली असो, प्रवेश खुला केला. पूर्वसंमती, ४८ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवाल आणि उड्डाणापूर्वी विमानतळावर आणखी एक जलद चाचणी, या साऱ्या पायऱ्या ओलांडून आमचे ग्राहक सप्टेंबरच्या अखेरीस कामावर रुजू झाले.

त्यांच्याच गावच्या, कोव्हॅक्सिन घेतलेल्या एका तरुणास मात्र आणखी थांबावे लागले, कारण त्या लशीस जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली. लसीकरण केंद्रावर त्या दिवशी जी लस उपलब्ध होती, ती त्याने घेतली होती. निवडीस वावच नव्हता.

दिवसांचा हिशेब

येथे एक आर्थिक मुद्दा उपस्थित होतो, ज्याकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले. आयकराच्या दृष्टीने माणूस निवासी की अनिवासी, हे मुख्यतः त्याच्या भारतातील दिवसांवर ठरते. परदेशात राहणाऱ्या व भेटीसाठी येणाऱ्या भारतीय नागरिकास सर्वसाधारणपणे १८२ दिवसांची मर्यादा आहे. २०२० च्या वित्त कायद्याने, ज्यांचे परकीय स्रोत वगळता उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे, त्यांच्यासाठी अन्य अटींसह ही मर्यादा १२० दिवसांवर आणली. २४ एप्रिल ते १२ सप्टेंबर हा काळच १४० दिवसांहून अधिक भरतो. म्हणजे केवळ विमान न मिळाल्यामुळे एखाद्याची करविषयक ओळख बदलू शकत होती.

प्रत्यक्ष कर मंडळाने ८ मे २०२० च्या परिपत्रकाने, २२ मार्च २०२० पूर्वी भेटीस आलेल्या व टाळेबंदीमुळे परत जाऊ न शकलेल्यांचे त्या महिन्याअखेरपर्यंतचे दिवस आर्थिक वर्ष २०१९–२० साठी वगळले. परंतु २०२०–२१ साठी अशी सरसकट सूट दिली नाही. ज्यांच्यावर दुहेरी कर आकारणीचा प्रसंग येत होता, त्यांनी विहित नमुन्यात अर्ज करावा, असे ३ मार्च २०२१ च्या परिपत्रकात सांगण्यात आले. अर्थात पारपत्रावरील आगमन-निर्गमनाचे शिक्के, रद्द झालेली तिकिटे व मालकाचा पत्रव्यवहार ज्यांनी जपून ठेवला, त्यांनाच आपले म्हणणे मांडता येणार होते.

परकीय चलनविषयक कायद्यात मात्र दिवसांइतकेच महत्त्व हेतूला आहे. रजेवर येऊन अडकलेल्याचा हेतू परत जाण्याचाच असतो. नोकरी सुटल्याने कायमचा परतलेल्याची स्थिती निराळी. त्याने बँकेस कळवून अनिवासी खाती निवासी करून घेणे आवश्यक असते. परकीय चलनातील रक्कम निवासी परकीय चलन खात्यात ठेवण्याची मुभाही त्यास मिळते. संकोचाने ही बाब दडविणाऱ्यांना पुढे त्रास होतो. नोकरी जाणे हा काही दोष नव्हे.

आज काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी समाप्त झाल्याचे घोषित केले. भारत व अमिराती यांच्यातील प्रवासास आता कोविड लशीचा दाखला लागत नाही. तरीही लस आणि प्रवास यांचे नाते संपलेले नाही. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील देशांतून भारतात येणाऱ्यास त्या लशीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आजही दाखवावे लागते. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ते वैध होते आणि २०१६ पासून आजन्म ग्राह्य धरले जाते. ज्या मुंबईत हाफकिन यांनी १८९७ साली प्लेगची लस तयार केली, त्याच मुंबईच्या बंदरातून निघणाऱ्या प्रवाशांवर त्या काळीही निर्बंध आले होते. साथ आली की सीमा आवळल्या जातात, हा जुनाच अनुभव आहे.

म्हणून परदेशस्थ ग्राहकांनी काही गोष्टी आजच कराव्यात. पारपत्र, आधार, पॅन, बँक खाते आणि वैद्यकीय दाखले यांवरील नाव व जन्मतारीख तंतोतंत जुळते का, हे एकदा निवांत बसून पडताळावे. कोणत्याही लशीची मूळ नोंद दोन्ही देशांतील कागदपत्रांसोबत ठेवावी. अनिवासी खात्यावर निकटच्या नातेवाइकास स्थानिक खर्चापुरते अधिकारपत्र द्यावे व नामनिर्देशन अद्ययावत करावे. हप्त्यांच्या खात्यात किमान सहा महिन्यांची तरतूद असावी. कारण परवान्याची मुदतही सहाच महिन्यांची असते. खात्याशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक दोन्ही देशांत चालू राहील, याचीही खात्री करावी.

लस शरीराचे रक्षण करते. परदेशी राबणाऱ्या माणसाच्या घराचे रक्षण करण्यासाठी मात्र वेळीच नीट लावून ठेवलेले कागद लागतात. ते लावण्यास पुढच्या रजेतील एक सकाळ पुरेशी आहे. त्या सकाळी आपल्या शाखेत अवश्य यावे.