खोलीच्या भिंती आणि मनाच्या भिंती
अमेरिकन नाटक, मराठी नाटक आणि नगरच्या रंगकर्मीचे ‘कन्यादान’

वास्तववाद, अभिव्यक्तिवाद आणि राजकीय नाटक हे तीन शब्द आधुनिक नाटकाच्या चर्चेत नेहमी एकत्र येतात, आणि अभ्यासक्रमांत ते तीन वेगळे पंथ असल्यासारखे शिकवले जातात. प्रत्यक्ष रंगभूमीवर मात्र ते क्वचितच एकमेकांपासून तुटलेले आढळतात. कारण घरात जे घडते ते माणसाच्या मनात कसे उमटते, आणि त्या घडण्याचे धागे घराबाहेरच्या सत्तेपर्यंत कसे पोचतात, हा मुळात एकच प्रश्न आहे. विसाव्या शतकातील अमेरिकन नाटककारांनी तो प्रश्न चिकाटीने विचारला. मराठी रंगभूमीनेही १९६० नंतर तो आपल्या रीतीने विचारला, आणि त्या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा नगरचे रंगकर्मी सदाशिव अमरापूरकर यांच्या दिग्दर्शनाशी जोडलेला आहे. विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ हे नाटक १९८३ मध्ये त्यांनी दिग्दर्शित केले, आणि नाटकाने समाजाला किती खोल डिवचावे याची चर्चा त्या नाटकाभोवती पुढे अनेक वर्षे चालली.

वास्तववाद म्हणजे रंगमंचावर जगण्याचा प्रत्यय देणारी मांडणी. पात्रे पद्यात न बोलता रोजच्या भाषेत बोलतात, प्रसंग राजवाड्यात न घडता दिवाणखान्यात किंवा स्वयंपाकघरात घडतो, आणि प्रेक्षक जणू त्या खोलीची चौथी भिंत काढून आत डोकावत असतो. नॉर्वेच्या इब्सेनने युरोपात ही रीत रुजवली. मराठीत १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा संगीत नाटकाच्या वैभवातून बाहेर पडून साध्या गद्य संवादाकडे वळण्याचा तो जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न होता.

अमेरिकेत ही रीत किती सूक्ष्म होऊ शकते याचे उदाहरण म्हणून सुझन ग्लास्पेल यांची १९१६ मधील ‘ट्रायफल्स’ ही छोटी एकांकिका पाहता येईल. एका शेतकऱ्याचा खून झाला आहे, बायकोवर संशय आहे, आणि तपासासाठी आलेले पुरुष घरभर पुरावा शोधत हिंडतात. स्वयंपाकघरात मात्र त्यांना शोधण्यासारखे काही वाटत नाही. त्याच स्वयंपाकघरात थांबलेल्या दोन बायकांना अर्धवट राहिलेली कामे, गोधडीवरचे मध्येच बिघडलेले टाके आणि शिवणाच्या पेटीत जपून ठेवलेला, मान पिरगळलेला पक्षी दिसतो, आणि त्या घरातील बाईने काय सोसले असेल ते त्यांना उमगते. एकही घोषणा न देता ही एकांकिका कायदा कोणाच्या नजरेने पाहतो हा प्रश्न उभा करते, आणि म्हणूनच ती वास्तववादी असतानाच राजकीयही ठरते.

परंतु माणसाच्या आत चाललेली घालमेल दाखवायला भिंती, खुर्च्या आणि चहाचे कप पुरे पडत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या आसपास जर्मनीत जोम धरलेला अभिव्यक्तिवाद या उणिवेतून पुढे आला. जग जसे दिसते तसे न दाखवता ते पीडित मनाला जसे भासते तसे दाखवायचे, हे त्याचे सूत्र. त्यामुळे नेपथ्य वाकडेतिकडे होते, पात्रांना नावाऐवजी आकडे मिळतात, काळ ताणला किंवा आवळला जातो. यूजीन ओनील यांच्या १९२० मधील ‘द एम्परर जोन्स’मध्ये एका बेटाचा स्वयंघोषित सम्राट बंडखोरांना भिऊन जंगलात पळतो, आणि दूरवर एक ढोल वाजू लागतो. त्या ढोलाची गती आरंभी माणसाच्या नाडीइतकी, म्हणजे मिनिटाला ७२ ठोके, ठेवावी आणि ती हळूहळू वाढवीत न्यावी, अशी रंगसूचना ओनील यांनी दिली आहे. ठोके वाढत जातात तशी पात्राची भीती प्रेक्षकाच्या छातीत शिरते, आणि गुलामगिरीचा इतिहास त्या भयाच्या आकृत्यांतून जंगलात उभा राहतो. एल्मर राइस यांच्या १९२३ मधील ‘द अ‍ॅडिंग मशीन’मध्ये तर नायकाचे नावच मिस्टर झीरो आहे, पंचवीस वर्षे आकडेमोड केल्यावर त्याच्या जागी बेरजेचे यंत्र येणार असल्याचे त्याला कळते, त्या क्षणी त्याच्या डोक्यात उठलेले वादळ सगळा रंगमंच व्यापून टाकते.

या दोन रीतींचा संगम दुसऱ्या महायुद्धानंतर आर्थर मिलर आणि टेनेसी विल्यम्स यांच्या नाटकांत झाला. मिलर यांच्या १९४९ मधील ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चे आधी ठरवलेले नाव ‘त्याच्या डोक्याच्या आत’ अशा अर्थाचे होते, आणि रंगमंचाइतका प्रचंड चेहरा उघडून आतील मन दाखवावे अशी त्यांची मूळ कल्पना होती. अखेरच्या नाटकात तो चेहरा नाही, पण कल्पना शिल्लक आहे. प्रसंग वर्तमानातला असेल तेव्हा पात्रे घराच्या आखलेल्या भिंती पाळतात आणि दारातूनच ये-जा करतात; भूतकाळ जागा झाला की तीच पात्रे भिंतींतून सरळ आरपार चालत जातात. हप्त्यांवर घेतलेला फ्रिज, गहाण घर, थकलेला फिरता विक्रेता विली लोमन आणि त्याची दोन मुले हा सगळा वास्तववादाचा ऐवज. भिंत ओलांडणारे पाऊल मात्र अभिव्यक्तिवादाचे. आणि घराचा शेवटचा हप्ता भरला जातो त्याच दिवशी घरात राहणारा माणूस मातीआड होतो, तेव्हा यशाची खात्री देणाऱ्या समाजव्यवस्थेवरच नाटक बोट ठेवते.

विल्यम्स यांच्या १९४७ मधील ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मध्ये एक जुनी नृत्यधून केवळ नायिका ब्लांशला ऐकू येते, शेजारी उभ्या असलेल्या पात्रांना ती ऐकू येत नाही, प्रेक्षकांना मात्र येते. विजय तेंडुलकरांनी हे नाटक ‘वासनाचक्र’ या नावाने मराठीत आणले. परक्या नाटकाचा अनुवाद करताना लेखकाला त्याचे प्रत्येक वाक्य आतून उलगडून पाहावे लागते, आणि घराच्या चार भिंतींत मनाचा स्फोट कसा रचायचा याची जाण तेंडुलकरांच्या पुढच्या लेखनात पक्की झालेली दिसते.

त्यांच्या १९६७ मधील ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात ही जाण स्पष्टपणे पाहता येते. एका गावातील सभागृहात हौशी नटमंडळी वेळ घालवण्यासाठी खटल्याचा खेळ मांडतात, आणि खेळता खेळता लीला बेणारे या शिक्षिकेच्या खासगी आयुष्याचीच उलटतपासणी सुरू होते. सुरुवातीला दाराच्या कडीत बेणारेचे बोट चेमटते, ही अगदी किरकोळ वाटणारी घटना आहे. पुढे तेच दार बाहेरून बंद झालेले आढळते, आणि साधी कडी पाहता पाहता सापळ्याची खूण होते. शेवटी आरोपीला आपली बाजू मांडण्यासाठी अवघे दहा सेकंद मिळतात. त्या दहा सेकंदांत आजूबाजूची पात्रे जागच्या जागी गोठतात आणि बेणारेचे दीर्घ स्वगत सुरू होते. घड्याळातला काळ थांबतो, मनातला काळ वाहू लागतो. वास्तववादी नाटकाच्या पोटातून अभिव्यक्तिवाद असा सहज बाहेर येतो, आणि स्त्रीच्या देहावर न्याय करायला बसलेला मध्यमवर्ग उघडा पडतो.

नाटकातील राजकारण दोन वाटांनी येते. एक वाट थेट हाकेची: क्लिफर्ड ओडेट्स यांच्या १९३५ मधील ‘वेटिंग फॉर लेफ्टी’मध्ये टॅक्सीचालकांची सभा भरते, नट प्रेक्षकांतही बसलेले असतात, आणि अखेरीस संपाची घोषणा सगळ्या प्रेक्षागृहातून उठते. दुसरी वाट आडपडद्याची: मिलर यांनी १९५३ मधील ‘द क्रूसिबल’ लिहिले ते १६९२ मधील सेलम गावच्या चेटकीण-खटल्यांवर, पण प्रेक्षकांना त्यात सिनेटर मॅकार्थी यांच्या काळातील कम्युनिस्टांचा शोध आणि छळ दिसला. तीनच वर्षांनी मिलर यांना स्वतःलाच संसदीय समितीपुढे उभे राहावे लागले आणि इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला.

मराठी रंगभूमीला आडपडद्याची वाट नवी नव्हती. कृ. प्र. खाडिलकरांच्या १९०७ मधील ‘कीचकवध’मध्ये प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीच्या जागी पारतंत्र्यातील देश पाहिला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्यात उभे राहिले, त्यात पेशवाईच्या निमित्ताने सत्ता स्वतःच्या सोयीसाठी क्रौर्य कसे पोसते आणि नंतर कसे झटकून टाकते याचे दर्शन घडले. गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकात एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी समितीपुढे झडती चालते. मिलर यांच्या चौकशीची आठवण व्हावी असा तो प्रसंग आहे, पण त्यातील वैचारिक थकवा आणि चळवळीतील तडे पूर्णपणे महाराष्ट्राच्या मातीतले आहेत.

या पार्श्वभूमीवर नगरचे नाव घेतले पाहिजे. आता अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचा अमेरिकेशी संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे ठाणे मांडले आणि शाळा काढल्या. १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय सुरू केले, आणि पुढे ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मुळे घराघरांत पोचलेले मधुकर तोरडमल तेथे इंग्रजीचे अध्यापन करीत असत. त्याच शहराच्या हौशी रंगभूमीवर घडलेले सदाशिव अमरापूरकर चित्रपटांतील खलनायक म्हणून देशभर ओळखले गेले. ‘अर्धसत्य’मधील रामा शेट्टी आजही लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. ‘अर्धसत्य’ आणि ‘कन्यादान’ दोन्ही १९८३ चे, आणि दोन्हींमागे तेंडुलकरांची लेखणी होती, हे मात्र फारसे लक्षात ठेवले जात नाही.

‘कन्यादान’ बाहेरून पाहता पूर्ण वास्तववादी नाटक आहे. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर, समाजकार्यात गुंतलेली पत्नी सेवा, मुलगा जयप्रकाश आणि मुलगी ज्योती यांचा सुशिक्षित दिवाणखाना हेच त्याचे जग. ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचे ठरवते, आणि जातिअंताचे स्वप्न आपल्या घरातूनच साकार होणार म्हणून नाथ हरखून जातात. अरुण पहिल्यांदा घरी येतो तेव्हा त्या प्रशस्त घरात तो अस्वस्थ होतो, आणि बोलता बोलता ज्योतीचा हात पिरगळतो. ज्योती ती कळ लपवू पाहते. पुढे लग्नानंतर मारहाण वाढते, आणि अरुणच्या आत्मकथनाची भर सभेत खोटी स्तुती करण्याची वेळ नाथांवर येते. शेवटी ज्योती वडिलांनाच जाब विचारते: दिलेल्या आदर्शांची किंमत मुलीने भरायची आणि वडिलांनी मात्र पश्चात्तापाने मोकळे व्हायचे, हे तिला मान्य नाही. डॉ. श्रीराम लागू यांनी नाथांची भूमिका केली. ढोल नाही, गोठलेली पात्रे नाहीत, तरीही त्या दिवाणखान्याच्या भिंती अखेरीस आतूनच ढासळतात.

या नाटकावर दलित लेखक-कार्यकर्त्यांनी तीव्र आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप गंभीरपणे समजून घ्यावा लागतो. दलित पँथरची स्थापना १९७२ मध्ये, अमेरिकेतील ब्लॅक पँथरच्या नावापासून प्रेरणा घेऊन झाली होती. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि दलित आत्मकथन मराठी वाङ्मयाच्या केंद्रस्थानी येत होते. अशा वेळी एका दलित कवीला बायकोला मारणारा पती म्हणून दाखवणे म्हणजे साऱ्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, अशी अनेकांची भावना झाली. अमेरिकेत लॉरेन हॅन्सबेरी यांनी १९५९ मधील ‘अ रेझिन इन द सन’ लिहिले तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबातील कलह, लोभ आणि अभिमान यांचे वास्तव त्या कुटुंबाच्या आतून आले होते. ‘कन्यादान’मध्ये ते पाहणारी नजर उच्चवर्णीय दिवाणखान्यातली आहे. हा फरक मोठा आहे. मात्र त्याच नजरेने नाटकाने उदारमतवादी बापाला माफ केलेले नाही, हेही तितकेच खरे. १९९३ चा सरस्वती सन्मान याच नाटकासाठी तेंडुलकरांना मिळाला, पण वाद त्याने मिटला नाही. वास्तववादात खोलीत काय दिसते इतकेच महत्त्वाचे नसते, चौथी भिंत कोणी काढली हेही विचारावे लागते, आणि प्रेमानंद गज्वी, दत्ता भगत यांच्यासारख्या नाटककारांनी ती भिंत दुसऱ्या बाजूने काढून दाखवली.

मराठी नाटकाने अमेरिकेकडून केवळ उसनवारी केली, असा याचा अर्थ नाही. सतीश आळेकरांच्या १९७४ मधील ‘महानिर्वाण’मध्ये मेलेले भाऊराव कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्याच मरणाची कथा सांगतात, वास्तव मोडून मन उघडे करण्याचे हे तंत्र जर्मनीतून आयात करावे लागले नाही, ते कीर्तनात होतेच. नगर, संगमनेर परिसरात रुजलेला तमाशाही असाच: वगात राजा आणि शिपाई एकाच रंगमंचावर क्षणात कोस ओलांडतात, आणि सोंगाड्या पाटलापासून मंत्र्यापर्यंत कोणालाही सर्वांसमोर प्रश्न विचारतो. आंबेडकरी जलशांनी तर याच लोककलेतून गावोगावी समतेचा विचार नेला.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी नगरसारख्या केंद्रांवर तालमी रंगतात, तेव्हा दिग्दर्शकापुढे हीच निवड येते: दार खरे लावायचे की आखलेल्या रेषेवर भागवायचे, प्रकाश खोलीवर टाकायचा की एका चेहऱ्यावर. तांत्रिक वाटणाऱ्या या निवडीतच नाटकाची भूमिका ठरत असते, कारण कोणाला आपल्या मनातले बोलायला वेळ मिळतो आणि कोण गोठलेला राहतो, हे त्या प्रकाशावर अवलंबून असते. बेणारेला दहा सेकंद मिळाले, ज्योतीला वडिलांसमोरचा एक प्रसंग मिळाला. अरुण आठवलेला मात्र प्रकाशाचे ते वर्तुळ अजून मिळायचे आहे, आणि ते देणारे नाटक लिहिले जाईल तेव्हा मराठी वास्तववाद एक पाऊल पुढे गेलेला असेल.