विंचवाला टोचतो खिळा

रांजणगाव म्हटलं की आधी आठवतो महागणपती. पण शिरूर तालुक्यातल्या याच रांजणगावच्या एमआयडीसीतून एक पक्की वेगवेडी गाडीही बाहेर पडली आहे. अबार्थ पुंटो! साल २०१५, १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती. नाकावर विंचू, कारण कंपनीचा संस्थापक कार्लो अबार्थ याची रास वृश्चिक.

या विंचवाचे टायर १९५/५५ आर १६ मापाचे. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या ५५ टक्के, जेमतेम १०७ मिलिमीटर. बुटक्या साइडवॉलमुळे गाडी वळणावर झकास चिकटून राहते, पण हवा कमी असताना खड्ड्यात आदळली तर मार थेट अलॉय रिमच्या कडेला बसतो.

आणि खिळ्यांना आपल्याकडे काय तोटा! शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला निघा. गळीत हंगामात रस्ताभर उसाच्या बैलगाड्या. बैलांच्या पायांना पत्र्या मारलेल्या असतात, त्यांचा एखादा खिळा निखळून डांबरावर पडला की पुढच्या टायरची वाटच बघत असतो. ट्यूबलेस टायर मात्र खिळ्याला घट्ट धरून ठेवतो. हवा हळूहळू जाते, म्हणून खिळा दिसला तरी लगेच उपटू नका.

पंक्चरच्या दुकानात साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे चुगली करतात. पकडीने खिळा काढायचा, दातेरी सळईने भोक साफ करायचं, चिकट रबरी पट्टी आत ढकलायची, उरलेलं टोक कापायचं. दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर! वेगाच्या गाडीला मात्र हे काम घरी पोहोचण्यापुरतंच समजा. खरी दुरुस्ती आतून होते. टायर रिमवरून उतरवून आतला भाग तपासायचा, घासायचा, सोल्यूशन लावायचं आणि मशरूम पॅच बसवायचा. त्याचा दांडा भोक भरतो, टोपी आतून हवा अडवते. टायर उतरवल्याशिवाय आतलं नुकसान दिसतच नाही. कमी हवेवर काही अंतर पळलेला टायर बाहेरून ठणठणीत, पण आतून साइडवॉल घासून रबराचा भुगा झालेला असू शकतो.

भोक रस्त्याला टेकणाऱ्या भागात आणि साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं असेल तरच पॅच. साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात वाकते, तिथे पॅच टिकत नाही. तिथलं भोक पाहून ‘साहेब, हा होणार नाही’ म्हणणारा पंक्चरवाला मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आपली कमाई सोडून तुमचा जीव जपतो.

एकेकाळी सायकलवाल्यांचे हाल तर विचारूच नका. पुढे टायरसाठी नावाजलेल्या मिशलिन बंधूंकडे पंक्चर सायकल आली तेव्हा टायर रिमला चिकटवलेला असायचा. दुरुस्तीला काही तास, वर डिंक वाळायला अख्खी रात्र. वैतागून त्यांनी सुटा होणारा टायर बनवला, आणि १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत त्यावरच जिंकली गेली.

आता तर स्टेपनीही गायब होतेय. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर कारला स्टेपनीची सक्ती नाही, असा नियम केंद्राने २०२० मध्ये केला. किटमधलं सीलंट टायरमध्ये भरलं असेल, तर दुकानात टायर उतरवण्याआधीच तसं सांगा. नाहीतर तो पांढरा चिकट द्रव दुकानदाराच्या अंगावर! व्हॉल्व्हला जोडलेल्या, दाब सांगणाऱ्या सेन्सरचीही आठवण करून द्या, टायर उतरवायची टॉमी जोरात लागली तर तो तुटतो.